जीन्सचा रंग पक्का का नसतो?

प्रश्न : माझे कापडाचे दुकान आहे. सुती कापडाचा रंग गेला की गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येते. जीन्स मात्र रंग उडालेली असेल तर जास्त पैसे मोजून घेऊन जाते. विज्ञान एवढे पुढे गेले असताना जीन्सला पक्का रंग देता येत नाही का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : देता येतो. 1956 पासून बाजारात असलेल्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगांचे रेणू सुतातील सेल्युलोजशी रासायनिक बंधच जोडतात, त्यामुळे ते धुण्याने सहसा निघत नाहीत. जीन्ससाठी असा रंग जाणीवपूर्वक टाळला जातो, आणि त्याचे कारण जीन्स जिने रंगवतात त्या निळीच्या स्वभावात आहे.

नीळ पाण्यात विरघळत नाही. म्हणून कॉस्टिक सोडा आणि रंगारी ज्याला नुसते ‘हायड्रो’ म्हणतात ते रसायन घालून तिचे आधी पिवळसर हिरव्या, विरघळणाऱ्या रूपात रूपांतर करतात. त्या द्रावणात बुडवलेले सूत बाहेर काढले की हवेतील ऑक्सिजनमुळे ते डोळ्यांदेखत निळे होऊ लागते आणि पुन्हा अविद्राव्य झालेली नीळ तंतूंमध्ये अडकून बसते. ती तिथे अडकते, पण सुताशी तिचा रासायनिक बंध जुळत नाही. शिवाय त्या पिवळसर रूपाला सुताची ओढ मुळातच कमी असल्याने गडद छटेसाठी सूत पुन्हा पुन्हा बुडवावे आणि वाळवावे लागते, आणि इतके करूनही रंग धाग्याच्या वरच्या थरातच राहतो. जीन्सचा एखादा उभा धागा कापून त्याचे टोक भिंगाखाली धरावे. भोवती निळे कडे आणि मध्ये पांढरा गाभा दिसेल.

त्यातही रंगवतात ते फक्त उभे धागे. आडवे धागे पांढरेच ठेवतात. तिरक्या विणीमुळे उभे धागे कापडाच्या दर्शनी बाजूला अधिक येतात, म्हणून जीन्स बाहेरून निळी आणि आतून पांढुरकी असते. गुडघा, खिशाची कड, मांडीवरच्या घड्या अशा जिथे घासले जाते तिथे निळे कडे झिजते आणि गाभा डोकावू लागतो. रंगशास्त्राच्या दृष्टीने हा सरळसरळ दोष आहे. आरेखनकारांनी मात्र तो शैली म्हणून स्वीकारला. (जाता जाता : ‘डंगरी’ हे पोशाखाचे नाव मुंबईच्या डोंगरीत मिळणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडावरून इंग्रजीत गेले.)

पुढे ही झीज गिऱ्हाईकाच्या अंगावर होण्याआधी कारखान्यातच घडवण्याची चढाओढ लागली. प्रथम ज्वालामुखीतून निघणाऱ्या सच्छिद्र दगडांबरोबर जीन्स धुवायला सुरुवात झाली. त्यात यंत्रे झिजत आणि दगडांचा चुरा खिशांत साठे. मग सेल्युलेज हे विकर आले, जे सुताचा पृष्ठभाग अलगद कुरतडते आणि त्याबरोबर नीळही सुटते. आता लेसरच्या उष्णतेने नेमक्या जागेचा रंग काढता येतो. मधल्या काळात वाळूचा फवारा मारण्याची जी पद्धत रूढ झाली होती, तिच्या धुळीने कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य आजार जडला आणि तुर्कस्तानने 2009 मध्ये तिच्यावर बंदी घातली. विजारीवरच्या फिकट डागासाठी मोजलेली ही किंमत मला असमर्थनीय वाटते.

प्रश्न : झाडाची नीळ आणि कारखान्यातली नीळ यांत फरक असतो का?
– एक वाचिका, नाशिक

उत्तर : निळा रंग देणारा मुख्य रेणू एकच आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडोल्फ फॉन बायर यांनी तो 1880 मध्ये प्रयोगशाळेत घडवला, पण परवडणारी कृती हाती येऊन बीएएसएफ या कंपनीची नीळ बाजारात यायला 1897 उजाडले. त्यानंतर भारतातील नीळशेती झपाट्याने बसत गेली. चंपारणमधल्या मळेवाल्यांनी शेतकऱ्यांना निळीच्या सक्तीतून सोडवण्याच्या बदल्यात त्यांच्यावर जो वाढीव खंड लादला, त्यामागे ही रसायनशास्त्रातली घडामोडही होती. झाडाच्या निळीत इंडिरुबिनसारखी तांबूस द्रव्ये थोड्या प्रमाणात असतात, त्यामुळे तिच्या छटेत फरक पडतो. मात्र नुसत्या डोळ्यांनी खात्री देता येत नाही. प्रयोगशाळेत ती देता येते, कारण खनिज तेलापासून बनवलेल्या निळीत कार्बन-14 (काळाबरोबर घटत जाणारा किरणोत्सारी कार्बन) उरलेला नसतो आणि अलीकडे कापलेल्या झाडाच्या निळीत तो असतो.