वाक्य संपल्यावर काय करतेस?

प्रिय मुली,

तुझी ऑडिशनची क्लिप आधी आवाज बंद करून पाहिली, मग आवाज लावून. आवाजासकट ती ठीक आहे. उच्चार स्वच्छ, पाठांतर पक्कं. पण आवाज बंद केला की तुझं वाक्य संपताक्षणी चेहरा विझलेला दिसतो. समोरचा बोलत असतो आणि तू आपल्या वाक्याची वाट बघत उभी असतेस. एके ठिकाणी तर त्याच्या वाक्याबरोबर तुझे ओठही किंचित हलतात.

पडद्यावरचा चांगला नट आणि वाईट नट कशावरून ओळखायचा, असं विचारलंस. मी तो त्याचं वाक्य नसताना ओळखते. दोघांच्या प्रसंगात संकलक बोलणाऱ्यावरून सारखा ऐकणाऱ्यावर येतो, कारण बोललेलं लागतं ते तिथे. ऐकताना ज्याच्या चेहऱ्यावर काही घडतच नाही, त्याच्यावर यायचं तरी कशासाठी? मग प्रसंग आपोआप समोरच्याचा होतो. आपलं काम कापलं म्हणून तो नट पुढे महिनाभर कुरकुरतो, ते सोड.

ऐकणं म्हणजे माना डोलावणं, भुवया उडवणं नाही. ती ऐकण्याची नक्कल झाली. या टेकला, म्हणजे शॉटच्या या प्रयत्नात, तो कुठल्या शब्दावर अडखळला, आवाज कुठे खाली आणला, हे तुला टेक संपल्यावर सांगता आलं पाहिजे. त्यासाठी पाठांतर इतकं मुरलेलं हवं की त्यावर लक्ष खर्च होऊ नये. शब्द आठवायला लागलीस की नजर आत वळते, आणि क्लोजअपमध्ये ते लपत नाही. पाठ करताना वाक्यांना चाल लावू नकोस, सपाट म्हण. एकदा चाल बसली की समोरच्याने काहीही केलं तरी तू तशीच बोलणार. भांडी घासताना, कपड्यांच्या घड्या घालताना न अडता म्हणता आलं, तर पाठ झालं समज.

समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे दोन शब्द क्यू, म्हणजे आपण बोलायची खूण, म्हणून लक्षात ठेवायची सवय मात्र मोड. समज, त्याचं वाक्य आहे, 'काल आईला भेटून आलो, घर विकायचं ठरलंय.' तुझं उत्तर, 'मला न विचारता?' बहुतेक जणी 'ठरलंय'पर्यंत कोऱ्या चेहऱ्याने थांबतात आणि मग दचकतात. पण 'काल'लाच काही खटकू शकतं: काल भेटला आणि आज सांगतोय? 'घर'वर शंका येते, 'विकायचं'वर श्वास आत जातो. 'ठरलंय'पर्यंत तुझं उत्तर तयार असतं, नुसतं बाहेर पडायचं राहिलेलं. संहितेत अशा शब्दांखाली पेन्सिलने रेघ मार. पेनने नको, कारण तालमीत त्या जागा बदलतात, आणि त्या बदलायलाच हव्यात.

लेव कुलेशोव या रशियन दिग्दर्शकाचा १९२०च्या आसपासचा एक प्रयोग तुला कुणीतरी सांगेलच. इव्हान मोझ्झुखिन या नटाच्या चेहऱ्याचा एकच शॉट त्याने सूपची वाटी, शवपेटीतली मुलगी आणि कोचावरची स्त्री यांच्या शॉटना वेगवेगळा जोडला. पाहणाऱ्यांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक दिसली, कधी दुःख, कधी अभिलाषा. म्हणजे बरंचसं काम जोडणी करते आणि प्रेक्षक करतो. तू सगळं चेहऱ्यावर लिहून द्यायची गरज नाही. काही जण यावरून 'काहीच करायचं नाही' असा सोयीचा अर्थ काढतात. त्यांचा चेहरा शांत दिसत नाही, रिकामा दिसतो.

तुझा त्रास उलट आहे. तू कपाळाने अभिनय करतेस. दोन भुवयांच्या मध्ये चिकटपट्टीचा तुकडा लाव आणि प्रसंग म्हण. पट्टी ताणली गेली की कळेल, भावनेची जबाबदारी तिथे ढकलली होतीस. कॅमेरा लागला की शॉट कमरेपासून आहे की खांद्यापासून, हे निःसंकोच विचार. लांबच्या शॉटमध्ये अंग बोलतं, तिथे मोठ्या हालचाली चालतात. क्लोजअपमध्ये चेहरा पडदाभर होतो, तिथे नुसती नजर सरकली तरी घटना होते.

डोळ्यांचं आणखी एक. जवळून बोलताना आपण समोरच्याच्या एका डोळ्यातून दुसऱ्यात सारखे उड्या मारतो. एरवी कुणाला कळत नाही, पण क्लोजअपमध्ये बुबुळं भिरभिरताना दिसतात. त्याचा एकच डोळा धर, आणि तोही कॅमेऱ्याच्या बाजूचा, म्हणजे तुझा चेहरा लेन्सकडे जास्त उघडतो. पापण्यांची उघडझाप दाबून ठेवू नकोस, डोळे काचेचे दिसतात. घाबरून होणारी फडफड मात्र आवर. सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबाने एक उघडझाप सहज पाच-सात फ्रेम खाते.

आता मार्क, म्हणजे जिथे येऊन थांबायचं ती जमिनीवरची खूण. ८५ मिलिमीटरची लेन्स, अ‍ॅपर्चर (प्रकाश आत घेणारं छिद्र) दोनला उघडलेलं आणि तू दीड मीटरवर, अशा वेळी स्पष्ट दिसणारी जागा जेमतेम तीन-चार सेंटिमीटर असते. भावनेच्या भरात पुढे झुकलीस की डोळे धूसर आणि कान स्पष्ट. फोकस पुलर, म्हणजे फोकस सांभाळणारा, सावरून घेतो, पण तुझं झुकणं आधी ठरलेलं असेल तरच. मार्क गाठायला खाली बघायचं नाही. तालमीत मार्कवर उभी राहा, तिथून उलटी चालत ये, पावलं मोज, आणि टेकला तेवढीच पावलं टाक. पहिलं पाऊल कुठलं, डावं की उजवं, तेही ठरव.

कंटिन्युइटी, म्हणजे एका टेकचं दुसऱ्याशी जुळणं, बघायला माणूस असतो म्हणून तू सुटत नाहीस. कप कुठल्या हाताने, कुठल्या शब्दावर उचलला, हे दर टेकला बदललं तर तुझा सगळ्यात चांगला टेकही जुळणार नाही आणि बाद होईल. म्हणून मास्टर शॉटमध्ये, म्हणजे सगळा प्रसंग एकत्र घेणाऱ्या शॉटमध्ये, हाताला कामं कमी दे. जे केलंस ते पुढे प्रत्येक अँगलला करावं लागतं. कप ठेवायचा तो दोन वाक्यांच्या मध्ये. शब्दावर ठेवलास तर तो आवाज शब्दाला चिकटतो आणि साउंडवाल्याला सोडवता येत नाही. कॉलर माइक लावला असेल तर छातीवर हात मारून बोलू नकोस. सिंगल शॉटमध्ये, म्हणजे फ्रेममध्ये एकटीच असताना, समोरच्याच्या वाक्यावर चढायचं असेल, तर दिग्दर्शकाला आधी विचार. दोघांचे आवाज एकमेकांत मिसळले की संकलकाचे हात बांधले जातात.

रडण्याच्या प्रसंगाबद्दल तू घाबरून लिहिलंयस. अश्रू येणं ही त्यातली अवघड गोष्ट नाही, वेळेवर येणं आहे. बऱ्याचदा आधी मास्टर घेतात, मग जवळचे शॉट. तासन्‌तास जातात, मध्ये दिवे हलतात. मास्टरमध्येच सगळं उधळलंस तर क्लोजअपला चेहरा सुजलेला आणि मन कोरडं. 'माझा क्लोजअप कधी घेणार?' हा प्रश्न सकाळीच विचारून ठेव. यात नखरा काही नाही, असिस्टंटला उलट बरंच वाटतं. आणि अश्रू नाहीच आले, तर ते आवरण्याची धडपड कर. खरं रडणारा माणूसही तेच करत असतो.

'कट' ऐकू येईपर्यंत प्रसंग सोडू नकोस. वाक्य संपल्यानंतरचे ते दोन सेकंद संकलक फार वेळा वापरतो. चुकलीस तरी तू स्वतः थांबू नकोस, जीभ चावू नकोस, कॅमेऱ्याकडे बघून हसू नकोस. अर्धा टेकही कामाला येतो.

तुझा क्लोजअप झाल्यावर समोरच्याचा असतो. तेव्हा कॅमेऱ्यामागे उभं राहून त्याला क्यू द्यायला थांब, आणि सपाट वाचू नकोस, आपल्या टेकला दिलंस तेवढंच दे.

पुढची क्लिप अशी पाठव: दोन मिनिटांचा प्रसंग, त्यात तुझी तीनच वाक्यं. कॅमेरा पूर्ण वेळ तुझ्यावर. समोर मैत्रिणीला बसव आणि तिला तुझ्या नकळत सांगून ठेवायला दुसऱ्या कुणाला तरी घे, की तीन टेकला तीन वेगळ्या तऱ्हांनी बोल: एकदा चिडून, एकदा हसत, एकदा घाईत. तिन्ही टेक पाठव, काही न कापता. आवाज मी बंदच ठेवणार आहे.