नाच त्यांचा, मंच आपला, कपडे भाड्याचे

प्रश्न : सोसायटीच्या गणेशोत्सवात मुलांचा ‘आदिवासी नाच’ बसवतोय. ड्रेसवाल्याकडून पानांचे झगे येणार आहेत आणि अंगाला काळा रंग लावायचा आहे. एका पालकांनी हरकत घेतली. मुलांच्या नाचात अपमान कसला? (मुलुंड)

उत्तर : हरकत रास्त आहे. ‘आदिवासी नाच’ नावाचा नाच कुणीच नाचत नाही. महाराष्ट्राच्या यादीतच चाळीसवर जमाती आहेत. वारल्यांचा तारपा, कोकण्यांची पावरी, गोंडांचा रेला, हे सगळे वेगवेगळे. तेव्हा आधी कुणाचा नाच ते ठरवा. तुम्हाला वारली जवळ पडतील. नॅशनल पार्कच्या पलीकडे आरेत त्यांचे पाडे आहेत, आणि पालघर, डहाणू, जव्हार तर आहेच.

पानांचे झगे सिनेमावाल्यांनी आणले. वारली बाई गुडघ्यापर्यंत लुगडं नेसते, कासोटा घालून, अंगात चोळी किंवा ब्लाउज. मुलग्यांना साधी बंडी आणि डोक्याला फडकं पुरे. काळ्या रंगाचं म्हणाल, तर एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गोरे नट तोंडाला काजळी फासून काळ्या गुलामांची टिंगल करत. त्यातल्याच ‘जिम क्रो’ या पात्राचं नाव पुढे वंशभेदी कायद्यांना चिकटलं. तो इतिहास आपला नसला, तरी ‘काळा म्हणजे रानटी’ हा हिशेब इथेही तोच लागतो, आणि तुमच्याच इमारतीतल्या सावळ्या पोराला दुसऱ्या दिवशी हाका ऐकाव्या लागतात. (शिवाय स्वस्त रंगाने अंगाला खाज सुटते ती वेगळीच.) रंग पूर्ण वगळा. ‘झिंगालाला’ही.

आता नाच. तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य, नाचाला नाव त्याचंच : वाळवलेला भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. जोड मेणाने बुजवलेले असतात, म्हणून वाद्य हॅलोजनच्या झोताखाली ठेवू नका. वादक मधे उभा राहतो. नाचणारे एकमेकांच्या कमरेत हात घालून साखळी करतात आणि त्याच्याभोवती फिरतात. वादकाने चाल बदलली की पावलं बदलतात. सगळं चालतं ते वादकाच्या इशाऱ्यावर, म्हणून रेकॉर्ड लावून हा नाच होतच नाही. नुसती कवायत होते.

सोसायट्यांत हमखास बिघडतं ते इथे. पालकांना मुलांचे चेहरे दिसावेत म्हणून नाच बसवणारे साखळी तोडून मुलांच्या दोन रांगा करतात. गोल तुटला की नाच संपला. सोळा मुलं धरली आणि प्रत्येकाला दीड फूट दिलं, तर साखळी २४ फुटांची होते आणि गोलाचा व्यास जेमतेम आठ फूट. वीस फुटी मंचावर हे आरामात बसेल, पण पुढची निम्मी मुलं पाठमोरी दिसतील. त्यापेक्षा मंच सोडा, खाली पटांगणात नाचा आणि खुर्च्या चहूबाजूंनी मांडा. कुठेही बसा, प्रत्येक मूल फिरत फिरत समोर येतंच.

वादकाला महिनाभर आधी गाठा. हा नाच भाताच्या सुगीशी जोडलेला आहे आणि वाद्य कधी बाहेर काढायचं याचे काहींचे नेम असतात. भाद्रपदात वाजवाल का, हे सरळ विचारा. नाही म्हणाले तर घासाघीस नको, कार्यक्रम दिवाळीनंतरच्या स्नेहसंमेलनात घ्या. मानधन, जाण्या-येण्याचा खर्च, जेवण आणि उशीर झाला तर मुक्काम, सगळं आधी ठरवून लिहून ठेवा. माइकवरून वादकाचं आणि त्याच्या पाड्याचं नाव सांगा. त्याचा कार्यक्रम बक्षीस समारंभाच्या आधी ठेवा. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो आणि अध्यक्षांचं भाषण लांबलं की कात्री पाहुण्यांच्याच कार्यक्रमाला लागते.

मागच्या पडद्यावर वारली चित्र हवं असेल तर शेताचं, नाचाचं घ्या. पालघट देवीचा चौक घेऊ नका. तो लग्नघरी सुवासिनींनी काढायचा असतो, आणि तो नसेल तर लग्न लागत नाही. तो फ्लेक्सवर छापून पुढे चपला काढायच्या, हे बरं दिसत नाही. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तेव्हा कॅलेंडरवरून उतरवून काढण्याऐवजी कलाकारालाच बोलवा आणि पैसे द्या.

प्रश्न : शाळेच्या ‘विविधतेत एकता’ कार्यक्रमात मुलींच्या खांद्यावर भाड्याने आणलेल्या नागा शाली घेतल्या तर चालेल का? (दादर)

उत्तर : कोणती शाल, त्यावर आहे. आओ नागांची त्सुंगकोतेप्सू ही लाल-काळ्या पट्ट्यांची असते. मधल्या पांढऱ्या पट्टीवर मिथुन (गव्यासारखं जनावर), वाघ, हत्ती आणि माणसांची मुंडकी रंगवलेली असतात. ती पुरुषांचीच, आणि पूर्वी तीही पराक्रमाने किंवा गावजेवणं घालून कमवावी लागे. ड्रेसवाल्याच्या पेटीत मात्र ती ‘नागा, फ्री साइज’ असते. मधे चित्रांची पांढरी पट्टी दिसली की परत करा. मुंबईत शिकायला, नोकरीला आलेले नागा तरुण पुष्कळ आहेत, त्यांच्यापैकी कुणाला फोटो पाठवून विचारा.

प्रश्न : एकांकिका लिहितोय. त्यात दारुडा ख्रिस्ती ‘मॅक’, ‘शाब’ म्हणणारा गुरखा आणि एक ‘अण्णा’ आहे. परीक्षकांनी साचेबद्ध म्हणून शेरा मारला. विनोदच करायचा नाही का आता? (गिरगाव)

उत्तर : खुशाल करा. पण तुमच्या तिन्ही पात्रांना नावगाव नाही, काम नाही, काही हवंसं नाही. त्यांच्याकडे आहेत ते फक्त उच्चार. हिंदी सिनेमातली मराठी माणसं आठवा : हवालदार आणि कामवाली बाई. ते पाहताना जे बोचतं, तेच समोर बसलेल्या डिसोझांना बोचणार.

मॅकपासून सुरुवात करा. तो गोव्याचा की इथलाच? वांद्रे, गोराई, उत्तनचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती मूळचे इथलेच. घरात मराठीचीच एक बोली बोलतात, बायका लुगडं नेसतात, वर्षाचा बाटली मसाला उन्हाळ्यात कुटून भरतात. ईस्ट इंडियन हे नाव त्यांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, संघटना काढून रूढ केलं. असा माणूस ‘व्हॉट मॅन’ म्हणत झिंगत का येईल? गावठाणातल्या घरावर बिल्डरचा डोळा आहे आणि भावाने परस्पर सही केली आहे, एवढं दिलंत तरी त्याला बोलायला विषय मिळतो, आणि तो दारू प्यायला तरी हसू त्याच्या अडचणीतून येतं. अण्णा उडुपीचा असेल तर तो तमीळ नाही, तुळू किंवा कन्नड बोलेल. ‘अय्यय्यो’ खोडा. उच्चाराची एखादीच लकब ठेवा, तीही नटाने खऱ्या माणसाकडून ऐकून घेतलेली.

तालमीत एक चाचणी घ्या. त्या समाजातल्या दोघांना बसवा आणि कुठे हसले ते नाही, कुठे गप्प झाले ते टिपा. दोघे आपल्या पूर्ण समाजाच्या वतीने बोलत नसतात हे खरं, पण शून्यापेक्षा दोन बरे. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या (नाटकाची संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाच्या) प्रमाणपत्राने हा प्रश्न सुटत नाही. त्यांचं काम वेगळं.

प्रश्न : वेसाव्यात कोळीगीताचा व्हिडिओ करायचा आहे. काय सांभाळावं? (अंधेरी)

उत्तर : आधी पंचांग सांभाळा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. नाखवा मुसळधार पावसात जाळं टाकतोय असं गाणं लिहिलंत, तर पहिली कमेंट कोळीवाड्यातूनच येईल. बोटीवर चढण्याआधी मालकाला विचारा, आणि बूट घालून चढू नका, बोटीची पूजा होते. बांबूवर वाळत घातलेले बोंबील फ्रेमसाठी हलवू नका. तो कुणाचा तरी आठवड्याचा माल असतो. लुगडं नेसवायला तिथल्याच बाईला बोलवा, तिला मेकअपमनइतकेच पैसे द्या आणि श्रेयनामावलीत नाव घाला. चाल पारंपरिक असेल तर ‘संगीत’पुढे स्वतःचं नाव न लिहिता ‘पारंपरिक’ लिहा आणि ज्यांच्याकडून ऐकली त्यांचंही. पैसे गाणं चालल्यावर नाही, शूटिंगच्याच दिवशी द्या.