जावयांचं ऐका!

प्रश्न : मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही मुलीकडे अमेरिकेत व्हरमाँटला जातोय. जावई म्हणतात, तेव्हा तिथल्या डोंगरवाटा चिखलामुळे बंद असतात. भर आषाढात सह्याद्री चढणारी माणसं आम्ही, चिखलाला काय भ्यायचं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : जावयांचं ऐका. प्रश्न तुमच्या पायांचा नाही, वाटेचा आहे. तिथे वरचा बर्फ वितळतो तेव्हा खालची जमीन अजून गोठलेलीच असते. पाणी मुरणार कुठे? वरच्या मातीचं पार पिठलं होतं. बूट रुतला की माणूस कडेने चालतो, मागचा त्याच्याही कडेने. हातभर वाट चार हात होते, रोपं चिरडतात, उघडी माती पुढच्या पावसात वाहून जाते. (आपल्याकडे गर्दीच्या किल्ल्यांवर दुसरं काय होतं म्हणा!)

म्हणून कॅमल्स हम्प आणि माउंट मॅन्सफिल्ड या तिथल्या उंच डोंगरांच्या वाटा साधारण मध्य-एप्रिलपासून मेमोरियल डेच्या, म्हणजे मेच्या शेवटच्या सोमवारच्या, आदल्या शुक्रवारपर्यंत बंद ठेवतात. मॅन्सफिल्डची उंची ४,३९३ फूट. माथ्याजवळच्या गर्द झाडीत मेमध्येही बर्फ टिकतो.

पाय शिवशिवत असतील तर बर्लिंग्टनला शँप्लेन सरोवराकाठची डांबरी वाट आहे, स्टो गावात साडेआठ किलोमीटरचा पक्का रस्ता आहे. तिथून मॅन्सफिल्ड दिसतोही छान. खालच्या एखाद्या खुल्या वाटेवर चिखल लागलाच, तर सरळ त्यातूनच चाला. खोल ठसे उमटू लागले की मागे फिरा. आणि मुक्काम लांबवता आला तर जूनचा बघा. फक्त तेव्हा चावऱ्या काळ्या माश्या असतात, पूर्ण बाह्यांचे कपडे न्या.