कोणाला भेटायचे आहे?

"पस्तिशी उलटली, नोकरी आहे, घर आहे, तरी आपण कुठे चाललो आहोत हे कळत नाही आणि पाय मात्र सारखे जुन्या कॉलेजकडे वळतात, हे मानसिक आजाराचे लक्षण तर नाही ना?" जळगावातील माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न अनेकांनी अनेक तऱ्हांनी विचारला आहे. त्यांपैकी एका गृहस्थांची हकिकत, त्यांच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, येथे लिहीत आहे. तीत माझीही एक चूक आहे.

वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. झालेले हे गृहस्थ एका औषध कंपनीत एमआर, म्हणजे डॉक्टरांना औषधांची माहिती देणारे प्रतिनिधी, होते. साक्री, नंदुरबार, शहादा असा त्यांचा पट्टा. दिवसभर दवाखान्यांच्या बाकांवर रुग्णांबरोबर थांबायचे, डॉक्टरांसमोर दोन मिनिटे बोलायचे आणि महिनाअखेरीस टार्गेटचा हिशेब द्यायचा. वय 36, लग्न झालेले नव्हते. गेल्या वर्षभरापासून दर शनिवारी दुपारी ते वाट वाकडी करून तालुक्याच्या गावातील आपल्या कॉलेजात जात आणि निंबाखालच्या ओट्यावर तास-दोन तास बसून राहत. एका शनिवारी नव्या वॉचमनने हटकले, "कोनले भेटनं शे भाऊ?" प्रश्न साधाच होता, पण त्यांना उत्तर देता येईना. "कोनलेच नही," असे म्हणून ते उठले आणि गाव ओलांडल्यावर गाडी बाजूला लावून बराच वेळ रडले. त्यानंतर आठवड्याभराने ते माझ्याकडे आले.

अशा वेळी मी आधी झोप, भूक आणि कामातील लक्ष यांविषयी विचारते. उदासी सलग दोन आठवडे दिवसाचा बहुतेक वेळ टिकून असेल, कशातच रस वाटत नसेल किंवा जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, तर केवळ समुपदेशनावर न थांबता मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवणे आवश्यक असते. त्या विचारांनी घेरले असता भेटीची वाट पाहू नये, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा निःशुल्क क्रमांक दिवसरात्र चालू असतो. या गृहस्थांच्या बाबतीत तसे काही आढळले नाही. कामावर ते नियमित जात होते, जेवत होते, झोप थोडी उशिरा लागत होती इतकेच.

येथे माझी चूक झाली. हा वर्तमानापासूनचा पळ आहे असे ठरवून मी त्यांना महिनाभर कॉलेजात न जाण्यास सांगितले. त्यांनी ते निमूटपणे पाळले आणि पुढच्या भेटीला आलेच नाहीत. दीड महिन्याने आले तेव्हा म्हणाले, "मॅडम, आठवड्यात तेवढी एकच जागा होती, तीही गेली." मी कारण न शोधताच लक्षणावर बोट ठेवले होते. यात मला परंपरेचा आधार होता असे म्हणता येईल, कारण गतकाळाच्या ओढीला आज जे 'नॉस्टॅल्जिया' नाव आहे, ते 1688 मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने घरापासून दूर असलेल्या स्विस लोकांच्या आजाराला दिलेले होते. पण आजचे मानसशास्त्र या ओढीला आजार मानत नाही. उतारवयात माणसांना सर्वांत दाट आठवतो तो साधारण 10 ते 30 या वयातील काळ, हे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. त्याचे एक कारण असे सांगितले जाते, की आयुष्यातल्या बहुतेक गोष्टी त्या वयात पहिल्यांदा घडतात.

याशिवाय मला स्वतःला जाणवलेले आणखी एक कारण आहे. कॉलेजात तासाला घंटा असते, हजेरीला क्रमांक असतो आणि वर्षाच्या शेवटी निकाल लागतो. आपण पुढे सरकलो की नाही, हे दुसरे कोणीतरी लिहून देते. नोकरी लागल्यावर हे लिहून देणारे कोणी उरत नाही, मग माणूस वर्गमित्राचा पगार, फ्लॅट आणि मुलांच्या शाळा यांवरून स्वतःचा निकाल लावू लागतो. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांमधून अनेक जण अधिकच खचून परततात, ते मला वाटते यामुळेच. तेथे ओळख करून देताना नावामागोमाग हुद्दा येतो.

मी माझी सूचना मागे घेतली आणि एवढेच म्हटले, की वॉचमनच्या प्रश्नाचे उत्तर घेऊन जा. शनिवारी दुपारी नको, कॉलेज चालू असताना जा आणि कोणाला तरी भेटा.

रजा टाकून ते गेले. शिकवणारे सर निवृत्त झाले होते, पण प्रयोगशाळेतील मामा तेच होते. मामांनी नाव नाही, पण बॅच ओळखली आणि कपाट उघडले. डांबरगोळ्यांच्या वासात हर्बेरियमचे, म्हणजे वाळवून कागदावर बसवलेल्या वनस्पतींच्या नमुन्यांचे, गठ्ठे होते आणि त्यांत, 2009 च्या तोरणमाळच्या सहलीत यांनी गोळा केलेली मुरुडशेंग. दोरीला पीळ द्यावा तशी ती शेंग, बाळगुटीत उगाळतात ती, जाड कागदावर दोऱ्याने टाके घालून बसवलेली होती. खाली उजव्या कोपऱ्यात त्यांच्याच अक्षरातील लेबल होते आणि त्यावर सरांची लाल पेन्सिल. वनस्पतीच्या कुळाचे नाव चुकले होते.

"मॅडम, मला वाटायचे, त्या वेळी मला सगळे येत होते," हे सांगताना ते प्रथमच मोकळेपणाने हसले. वर्षभर ज्या विशीतल्या मुलापुढे ते दर शनिवारी हजेरी लावत होते, तोही चुकत होता, त्याचीही दुरुस्ती होत होती. पुढचे तासभर ते नोकरीविषयी एक अक्षरही न बोलता शहादा-तोरणमाळ रस्त्याकडेच्या झाडांविषयी बोलत राहिले. त्या रस्त्याने ते महिन्यातून दोनदा जात, पण गाडी थांबवून झाड पाहिल्याला 15 वर्षे झाली होती.

त्यांची नोकरी बदललेली नाही, लग्नाचा प्रश्नही घरात तसाच आहे आणि टार्गेट चुकले की झोप अजून उडते. कॉलेजात ते आता दोन-तीन महिन्यांतून एखादे वेळी, मामांना आधी फोन करून जातात. मागच्या भेटीत त्यांनी बॅगेतून एक जुने वर्तमानपत्र काढून माझ्या टेबलावर उलगडले. आत दाबून वाळवलेली एक फांदी होती. नाव विचारले तर म्हणाले, "अजून लागले नाही. पुस्तक काढले आहे, बघतो."