2019 मधील सर्वांत आवडलेली आणि सर्वांत निराश करणारी मालिका

2019 मध्ये कोणती मालिका सर्वांत जास्त आवडली आणि कोणत्या मालिकेने सर्वांत जास्त निराश केले, असा प्रश्न मला विचारला गेला होता. माझ्यापुरते उत्तर असे, की आवडीत ‘चेर्नोबिल’ पहिली आणि निराशेत ‘तुला पाहते रे’ पहिली. एक पाच भागांत संपणारी परदेशी मालिका आणि दुसरी जवळपास वर्षभर रोज रात्री चाललेली मराठी मालिका, यांना एकाच मापाने मोजू नये असे काहींना वाटेल. परंतु पडद्यावर जे घडते ते आधीच्या घटनांतून आणि पात्रांच्या स्वभावातून घडले आहे असे वाटावे, ही अपेक्षा मी दोन्हींकडून सारखीच ठेवतो. पुढे कथानकांचे तपशील येतील, त्यामुळे ज्यांना या मालिका अजून पाहायच्या आहेत त्यांनी जपून वाचावे.

सोव्हिएत युक्रेनमधील चेर्नोबिल अणुवीज केंद्राच्या अपघातावरची, एचबीओ आणि स्काय या वाहिन्यांची ‘चेर्नोबिल’ मे आणि जून महिन्यांत आली. आपल्याकडे ती हॉटस्टारवर पाहता आली. लेखन क्रेग मेझिन यांचे आणि दिग्दर्शन योहान रेंक यांचे आहे. 26 एप्रिल 1986 च्या रात्रीचा स्फोट पहिल्याच भागाच्या सुरुवातीला होतो, आणि तोही आपल्याला एका घराच्या खिडकीतून, दूरवर, दिसतो. मालिकेतील सर्वांत मोठी घटना अशी सुरुवातीलाच उरकल्यावर प्रेक्षकाला धरून ठेवणार कसे, असे वाटते; पण काय झाले हे कळल्यामुळेच ते कसे झाले हे जाणून घेण्याची ओढ वाढत जाते, आणि मेझिन ते उत्तर पाचव्या भागापर्यंत राखून ठेवतात.

त्या पाचव्या भागातील न्यायालयाचा प्रसंग हा मी त्या वर्षात पाहिलेला सर्वोत्तम प्रसंग आहे. जॅरेड हॅरिस यांनी साकारलेले शास्त्रज्ञ लेगासोव्ह लाल आणि निळ्या पाट्या एकेक करून लावत अणुभट्टीचे गणित समजावून सांगतात. कीव्हला वीज हवी होती म्हणून भट्टीची सुरक्षा चाचणी सुमारे दहा तास लांबली आणि पुरेशी तयारी नसलेल्या रात्रपाळीच्या वाट्याला आली. 700 मेगावॉटवर करायच्या चाचणीआधीच शक्ती 30 मेगावॉटपर्यंत घसरली. अणुप्रक्रिया दाबणारा झेनॉन वायू साचल्यामुळे मंदावलेली भट्टी पुन्हा वर आणण्यासाठी तिला आवर घालणारे बहुतेक सगळे नियंत्रक दांडे बाहेर ओढले गेले. आणि शेवटी भट्टी बंद करण्यासाठी जी कळ दाबली तिनेच स्फोट घडवला, कारण आत जाणाऱ्या दांड्यांच्या टोकांना अणुप्रक्रिया वाढवणारे ग्राफाइट होते. भौतिकशास्त्राचा धडा आणि थरार एकाच दृश्यात इतके एकजीव झालेले मी क्वचितच पाहिले आहे. हिल्दुर गुद्नादोत्तिर यांचे संगीतही लिथुआनियातील बंद पडलेल्या इग्नालिना अणुवीज केंद्रात ध्वनिमुद्रित केलेल्या आवाजांतून घडले आहे, आणि त्यातली घरघर भाग संपल्यावरही कानांतून जात नाही.

या मालिकेने इतिहासाशी काही ठिकाणी मोकळीक घेतली आहे, हेही सांगितले पाहिजे. एमिली वॉटसन यांची शास्त्रज्ञ खोम्युक ही काल्पनिक आहे, आणि प्रत्यक्षात लेगासोव्ह त्या खटल्याला हजर नव्हते. खोम्युकविषयी मालिकाच शेवटी स्पष्ट सांगते, त्यामुळे तो बदल मला खटकत नाही; चाचणीवर देखरेख करणारे अभियंते द्यातलोव्ह यांना मात्र जरा जास्तच खलनायक केले आहे असे माझे मत आहे.

दुसऱ्या क्रमांकावर मी ‘दिल्ली क्राइम’ ठेवीन. डिसेंबर 2012 मधील सामूहिक बलात्काराच्या तपासावरची ही रिची मेहता यांची सात भागांची मालिका मार्चमध्ये नेटफ्लिक्सवर आली. तिने अत्याचाराचे दृश्य दाखवलेले नाही, आणि हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. शेफाली शाह यांची पोलीस उपायुक्त वर्तिका चतुर्वेदी प्रत्येक वेळी काही बोलण्याआधी जो क्षणभर थांबते, त्या थांबण्यात त्या रात्रीचे सारे ओझे दिसते. मालिका पोलिसांच्या बाजूने अधिक झुकली आहे, हा आक्षेप मला मान्य आहे.

आता निराशेविषयी. ‘तुला पाहते रे’ ऑगस्ट 2018 मध्ये झी मराठीवर सुरू झाली तेव्हा तिच्यापाशी एक खरा प्रश्न होता. मध्यमवर्गीय घरातील विशीतली ईशा निमकर आणि चाळिशीतला श्रीमंत उद्योजक विक्रांत सरंजामे यांचे प्रेम जुळले, तर वयाचे, पैशाचे आणि प्रतिष्ठेचे अंतर रोजच्या संसारात कसे निभावले जाईल? ईशाच्या आईवडिलांची घालमेल, श्रीमंत घरात वावरताना तिला येणारा संकोच, हे सारे आपल्या ओळखीचे होते, आणि गार्गी फुले यांनी साकारलेल्या आईमुळे निमकरांचे घर तर अगदी खरे वाटे. पण लग्न लागले आणि हा प्रश्न मालिकेने खाली ठेवला. विक्रांत हा पहिल्या पत्नीचा, राजनंदिनीचा, घात करणारा कपटी माणूस ठरला आणि ईशा तिचा पुनर्जन्म ठरली. पुनर्जन्माच्या कथेला माझा विरोध नाही. परंतु इथे त्यामुळे ईशाचे स्वतःचे काही उरलेच नाही. तिचे प्रेम, तिचा राग, तिचे शहाणपण हे सगळे दुसऱ्या कुणाकडून आलेले ठरले, आणि वयातील अंतराचा प्रश्न जुलैत मालिका संपेपर्यंत कुणी पुन्हा विचारला नाही. सुबोध भावे यांनी दोन्ही विक्रांत मनापासून साकारले, पण पहिल्यातून दुसरा निघताना दिसला नाही, आणि ती उणीव लेखनाची होती.

15 ऑगस्टला आलेल्या ‘सेक्रेड गेम्स’ या नेटफ्लिक्सवरील गुन्हेगारी मालिकेच्या दुसऱ्या पर्वाने जवळजवळ तितकेच निराश केले. पहिल्या पर्वात मुंबई होती, आणि जितेंद्र जोशी यांचा हवालदार काटेकर होता, ज्याच्या घरातल्या दोनचार संवादांत या शहरातली पोलिसाची नोकरी समजून येई. दुसऱ्या पर्वात कथा मोम्बासा आणि गुरुजींचा आश्रम यांत इतकी रमली, की अणुबॉम्बचे सावट असलेले शहरच नजरेआड झाले. गुप्तहेर यादवच्या भूमिकेत अमृता सुभाष यांनी कमाल केली आहे, आणि केवळ तिच्यासाठी हे पर्व पाहावे असे मी म्हणेन.

‘गेम ऑफ थ्रोन्स’ या काल्पनिक राज्यांच्या परदेशी मालिकेच्या शेवटच्या पर्वाविषयी सर्वांनी इतके लिहिले आहे की मी थोडक्यात आटोपतो. राणी डेनेरिसने शहर जाळणे अशक्य नव्हते, परंतु तिथवर पोचायला जेवढे भाग लागले असते तेवढे या सहा भागांच्या पर्वात नव्हते.

मराठीत 2019 च्या अखेरीस मी ‘अग्गंबाई सासूबाई’ आवर्जून पाहत होतो. ‘तुला पाहते रे’ संपल्यावर तिच्याच साडेआठच्या वेळेत ही मालिका आली आणि तिनेही लग्नाचाच प्रश्न हाती घेतला. फक्त इथे लग्न विधवा सासूचे आहे आणि त्यासाठी पुढाकार सून घेते. निवेदिता सराफ यांची आसावरी सासऱ्यांच्या धाकात आणि मुलाच्या कौतुकात इतकी मुरलेली आहे, की स्वतःला काय हवे हे उच्चारायलाच तिला अनेक भाग लागले, आणि त्या संथपणाबद्दल मी लेखकांचा आभारी आहे. तिचे आणि शेफ अभिजीत राजेंचे लग्न 2019 च्या अखेरीस अजून लागायचे होते. ते लागल्यानंतरही आसावरी हीच मालिकेच्या मध्यभागी राहिली असेल, तर 2020 साठी याच प्रश्नाला उत्तर देताना मी हिचे नाव पहिल्या जागेसाठी विचारात घेईन.