ब्रॉयलरला प्रोबायोटिक : पावडर टाकण्याआधी टाकीत डोकावा

"साहेब, हाई पावडर कितली देवानी?" शिरपूर असो, साक्री असो की यावल, कोंबडीवाल्या भावांचा फोन आला की अलीकडे पहिला प्रश्न हाच असतो. पावडर म्हणजे प्रोबायोटिक, आतड्यासाठी चांगले असलेले जिवंत जंतू. किती द्यायची ते पाकिटावर छापलेलं असतं. कशात द्यायची आणि कधी, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही, आणि पैसे वाया जातात ते नेमके तिथेच. आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, कारण बाकीच्यांची निम्मी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न (शिरपूर तालुका) : माझं ३,००० पक्ष्यांचं शेड आहे, माल स्वतःच बाजारात विकतो. पहिल्या दिवसापासून पाण्यातून प्रोबायोटिक चालू आहे. तरी १८व्या दिवसापासून पातळ संडास आणि रोज १५-२० मर. पावडर डुप्लिकेट निघाली का?

भाऊ, पावडर अस्सल की नकली हे फोनवर सांगता येत नाही. पण मी उलट विचारल्यावर तुम्ही तीन गोष्टी सांगितल्या, त्यावरून एवढं नक्की की अस्सल असती तरी तिचा उपयोग झाला नसता.

एक, तुम्ही टाकीत रोज ब्लीचिंग टाकता. ते योग्यच आहे. पण त्याच पाण्यात पावडरही ओतता. प्रोबायोटिक म्हणजे जिवंत जंतू : लॅक्टोबॅसिलस, बॅसिलस, एन्टेरोकॉकस, काही पाकिटांत यीस्टसुद्धा. ब्लीचिंगमधल्या क्लोरीनला यातला चांगला कोण आणि वाईट कोण हे कळत नाही. उकळत्या दुधात घरी कोणी विरजण लावतं का? दोन, दुकानदाराच्या सांगण्यावरून "खबरदारी म्हणून" पाचव्या ते नवव्या दिवसापर्यंत अँटिबायोटिक दिलंत, आणि त्याच दिवसांत प्रोबायोटिकही. हे म्हणजे सकाळी पेरायचं आणि संध्याकाळी त्याच वाफ्यात तणनाशक मारायचं. तीन, पाकीट पत्र्याखालच्या फळीवर ठेवलंय. दुपारी दोन वाजता त्या फळीला हात लावून बघा, मग वेगळं सांगायला नको.

आता हे जंतू करतात काय, ते थोडं समजून घ्या, म्हणजे वेळ का महत्त्वाची ते पटेल. पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा त्याचं आतडं जवळजवळ कोरं असतं. गावठी कोंबडीची पिल्लं आईमागे उकिरडा उकरत फिरतात आणि तिच्या विष्ठेतून तिच्या आतड्यातले जंतू त्यांना आपोआप मिळतात. हॅचरीच्या पिल्लाला आई दिसतच नाही. अशा कोऱ्या आतड्यात जो आधी पोचेल तो घर करतो. एसटी फलाटाला लागली की आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना, तसंच. चांगल्या जंतूंचा रुमाल आधी पडला तर साल्मोनेला आणि ई-कोलाय यांना बसायला जागा कमी उरते. फिनलंडच्या नुर्मी आणि रान्ताला या संशोधकांनी १९७३मध्ये हेच दाखवून दिलं. निरोगी मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातला माल त्यांनी नवजात पिल्लांना पाजला, आणि ती पिल्लं साल्मोनेलाला पुरून उरली.

म्हणून पहिले तीन ते पाच दिवस सगळ्यात मोलाचे. पिल्लं ब्रूडरखाली (ऊब देणाऱ्या दिव्याखाली) सोडली की पहिल्या पाण्यापासून सुरुवात करा. त्यानंतर दोन-तीन वेळा पुन्हा : डॉक्टरांनी सांगितलेला अँटिबायोटिकचा कोर्स संपल्यावर, खाद्य बदलताना, म्हणजे प्री-स्टार्टरवरून स्टार्टरवर आणि स्टार्टरवरून फिनिशरवर जाताना, आणि लसीचा ताण पडल्यावर. अख्खा लॉट ४० दिवस पाण्यातून देत राहण्याची गरज मला तरी वाटत नाही. रोज द्यायचंच असेल तर खाद्यातून द्या.

पाण्यातून देण्याची रीत अशी. आदल्या दिवशी बिनब्लीचिंगचं पाणी वेगळ्या टाकीत भरून ठेवा. तसं जमत नसेल तर लासोटा (रानीखेतची लस) पाण्यातून देताना जसं करता तसंच, लिटरला अडीच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर घालून पंधरा-वीस मिनिटं थांबा, म्हणजे क्लोरीनचा जोर मोडतो. पक्षी तीन-चार तासांत संपवतील एवढंच पाणी घ्या. तुमच्या ३,००० पक्ष्यांना विसाव्या दिवसाच्या आसपास, फार ऊन नसेल तर, दीडशे लिटरभर पुरे. ते संपलं की लाइन धुऊन पुन्हा ब्लीचिंगचं पाणी सुरू. लाइन धुणं सोडू नका. निपलच्या (थेंब-थेंब पाणी देणाऱ्या तोट्यांच्या) पाइपात आतून जो बुळबुळीत थर बसतो, त्यात दूध आणि साखरेचे अंश अडकले की तिथे भलतेच जंतू पोसले जातात. मी काही शेडांत पाइप कापून दाखवले आहेत. एकदा तो थर डोळ्यांनी पाहिला की माणूस लाइन धुवायला विसरत नाही.

एवढं सगळं झालं तरी आजच्या तुमच्या मरीवर प्रोबायोटिक हा इलाज नाही. १८व्या दिवसाची पातळ संडास कॉक्सीची (कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवीची) असू शकते, गंबोरो या विषाणूजन्य रोगाची असू शकते, क्लोस्ट्रिडियम नावाच्या जंतूने आतडं सडवल्याचीही असू शकते, आणि तिन्हींची वाट वेगळी. ताजे मेलेले तीन-चार पक्षी प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत, बर्फाच्या डब्यात घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या आणि शवविच्छेदन करून घ्या. पिशवीसारखी दोन आंधळी आतडी रक्ताने भरलेली असतील तर बहुधा कॉक्सी. मांडीच्या स्नायूत रक्ताचे फटकारे आणि शेपटीजवळची बर्सा ही ग्रंथी सुजलेली असेल तर गंबोरोचा संशय. लहान आतडं फुगलेलं आणि आतून जुन्या टॉवेलसारखं खरखरीत असेल तर क्लोस्ट्रिडियम. औषध त्यानंतर, आणि तेही डॉक्टरांच्या चिठ्ठीने.

एक इशारा मात्र वेगळा. मर एकदम वाढली, एका रात्रीत शेकड्यांनी पक्षी गेले, तर पक्षी घेऊन कुठेही जाऊ नका. शेड बंद करा, आत-बाहेर ये-जा थांबवा आणि पशुसंवर्धन विभागाला तिथेच बोलवा. नवापूरने २००६मध्ये आणि पुन्हा २०२१मध्ये बर्ड फ्लू सोसला आहे, तेव्हा खानदेशात हे कुणाला शिकवायला नको.

आणि ते "खबरदारीचं" अँटिबायोटिक बंद करा. वजन वाढवण्यासाठी अँटिबायोटिक देणं युरोपने १ जानेवारी २००६पासून बंद केलं. आपल्याकडे जनावरांना, कोंबड्यांना द्यायच्या कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर २०१९मध्ये बंदी आली. तरी जुन्या सवयीने कुणी कोलिस्टिनची पुडी पुढे केलीच, तर ती घेऊ नका. औषध द्यावंच लागलं तर शेवटच्या डोसनंतर थांबायचे म्हणून लेबलवर लिहिलेले दिवस पूर्ण झाल्याशिवाय माल विकू नका.

प्रश्न (पारोळा) : मी कंपनीच्या करारावर पक्षी वाढवतो. खाद्य त्यांचंच. त्यात मी माझं प्रोबायोटिक मिसळलं तर एफसीआर (एक किलो वजनाला लागणारं खाद्य) सुधारेल का?

दादा, आधी गोणीवरचं लेबल वाचा आणि सुपरवायझरला विचारा. करारातल्या बऱ्याच खाद्यांत प्रोबायोटिक आधीच घातलेलं असतं. त्यावर तुमचं घालून काही पदरात पडणार नाही, उलट कराराबाहेरची वस्तू दिली म्हणून हिशेबाच्या दिवशी वाद होईल. तुमच्या हातात आहे ते लिटर (शेडमध्ये खाली पसरलेला भुसा), पाणी आणि हवा. फीडरमधून सांडणारं खाद्य थांबवलंत, तर त्याचा फरक एफसीआरच्या कागदावर लगेच दिसेल.

प्रश्न (साक्री तालुका, बचत गट) : विकतची पावडर परवडत नाही. घरचं ताक दिलं तर चालतं का?

ताई, तुमच्या गटाकडे गावठी आणि सुधारित मिळून ६० पक्षी परसात आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्यांना आठवड्यातून एक-दोनदा पातळ, आंबट न झालेलं, बिनमिठाचं ताक सकाळी मातीच्या परळात ठेवलंत तर हरकत नाही. दोन तासांत उरलेलं फेकून परळ घासा. मात्र रोज आणि जास्त नको. दुधातली साखर कोंबडीला नीट पचत नाही आणि पातळ संडास सुरू होते, मग तुम्हीच म्हणाल की ताकाने बिघडलं. ब्रॉयलरच्या मोठ्या शेडला मी ताक सुचवत नाही. घरच्या विरजणात कुठले जंतू आणि किती, हे दर वेळी बदलतं, आणि निपल तुंबतात ते वेगळंच.

ज्या परसात पक्षी दिवसभर माती उकरतात तिथे निम्मं काम मातीच करते. तुमचा पैसा आधी रानीखेतच्या लसीवर जाऊ द्या.

प्रश्न (चोपडा) : घरचा मका आहे, सोया पेंड विकत आणतो आणि खाद्य स्वतः बनवतो. दुकानात चार कंपन्यांची पावडर आहे. कोणती घेऊ?

कंपनीचं नाव मी सांगत नाही, लेबल कसं वाचायचं ते सांगतो. जंतूचं पूर्ण नाव लिहिलेलं हवं. नुसतं "फायदेशीर जिवाणू" लिहिलं असेल तर पाकीट परत द्या. दर ग्रॅमला किती सीएफयू, म्हणजे किती जिवंत जंतू, तो आकडा हवा. बनवल्याची आणि मुदत संपण्याची तारीख हवी. खाद्यात मिसळायला बॅसिलस सबटिलिस, बॅसिलस लायकेनिफॉर्मिस असे जंतू बरे, कारण ते बीजाणूच्या रूपात झोपलेले असतात. गरमी आणि पोटातलं आम्ल सोसून आतड्यात पोचल्यावर ते जागे होतात. लॅक्टोबॅसिलस नाजूक. खाद्याची पेलेट (गरम वाफेत दाबलेली गोळी) करणार असाल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

आता हिशेब. साधारण एका ग्रॅम खाद्यात दहा लाख जिवंत जंतू पडावेत असं धरतात. पावडरीत ग्रॅमला १०० कोटी सीएफयू असतील, तर एक टन खाद्याला एक किलो पावडर लागेल. ग्रॅमला १० कोटीच असतील तर त्याच कामाला दहा किलो. म्हणजे किलोमागे स्वस्त दिसणारी पावडर महागही पडू शकते. भाव नेहमी सीएफयूवर काढा. मात्र प्रत्येक जंतूची गरज थोडी वेगळी असते, म्हणून शेवटी लेबलवरचं प्रमाणच पाळा. खाद्यात कॉक्सीचं औषध घालत असाल तर हा जंतू त्याच्याबरोबर टिकतो का, तेही त्यावर बघा. मिसळताना एक किलो पावडर थेट टनात टाकू नका. आधी पाच किलो भरड्यात, मग ती पन्नास किलोत, मग सगळ्यात.

खरी काळजी मला तुमच्या मक्याची वाटते. कणसं पावसात भिजली होती असं तुम्ही म्हणालात. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष यकृतावर बसतं, वाढ खुंटते आणि लसही नीट लागत नाही. तिथे प्रोबायोटिकवर भरवसा ठेवू नका. मका १२-१३ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवा, काळे-हिरवे दाणे वेगळे काढा, टॉक्सिन बाइंडर (असं विष धरून ठेवणारी पावडर) घाला. ज्या ढिगाला कुबट वास येतो तो शेडमध्ये नेऊच नका.

प्रश्न (रावेर) : मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५च्या पुढे जातो. प्रोबायोटिकने उन्हाची मर कमी होते का?

अण्णा, थोडी मदत होते, मर थांबत नाही. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंग थंड करते. त्या वेळी रक्त कातडीकडे वळतं आणि आतड्याचा पुरवठा घटतो. आतड्याचं अस्तर ढिलं पडून जंतू आत शिरतात. आधीपासून चांगले जंतू वस्तीला असतील तर हे नुकसान जरा कमी होतं, म्हणून द्यायचंच असेल तर एप्रिलमध्येच खाद्यातून सुरू करा. धापा टाकणाऱ्या पक्ष्याला दुपारी पावडर पाजून काही होत नाही. त्याला थंड पाणी हवं. मेमध्ये पक्षी खाद्याच्या तिप्पट-चौपट पाणी पितो, आणि पत्र्यावर तापलेल्या टाकीचं पाणी समोर आलं तर पीतच नाही. टाकीला ओलं गोणपाट गुंडाळा, पाइप सावलीतून न्या, पत्र्याला चुना मारा. सकाळी दहाला खाद्य उचला आणि पाचनंतर द्या. दुपारच्या पाण्यात इलेक्ट्रोलाइट आणि जीवनसत्त्व क. रावेरात केळीचा पाला कुठेही मिळतो. तो छपरावर जाड पसरून पहाटे आणि दुपारी पाणी मारा, मात्र आतलं लिटर भिजू देऊ नका, नाहीतर आठवड्याने कॉक्सीसाठी मलाच फोन कराल.