ख्रिस्ती माणूस देवावर खरंच विनाअट प्रेम करू शकतो का, की आशीर्वाद मिळतात म्हणूनच भक्ती करतो?

प्रश्नातला 'म्हणूनच' वाचला आणि मोबाईल खाली ठेवता आला नाही. या एका शब्दावरून माझं आणि दादाचं दहा-बारा वर्षं वाजतंय.

आधी उरकून टाकते. देवाचं आपल्यावरचं प्रेम विनाअट, यावर वाद नको. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला, रोमकरांस 5:8, तुम्हीही संडे स्कूलला पाठ केलं असेल. राहिलं आपलं प्रेम. ते सुरुवातीला मागण्यातूनच येतं आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मागितलेलं मिळालं नाही, तर पुढं काय, एवढंच बघायचं.

आम्ही सोलापूरचे. पप्पा अक्कलकोट रोडला एका चादरीच्या कारखान्यात होते. 2008 च्या पावसाळ्यात एका पहाटे मोरीपाशी पडले. लकवा. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा तुटलाय, बोलण्याचं केंद्र तिथंच असतं. पाणी हवं असलं तरी पप्पांच्या तोंडून 'ते... ते...' एवढंच यायचं. आपल्याला कळेपर्यंत ते चिडून डाव्या हातानं ताटली भिरकावायचे.

तीनेक महिन्यांनंतरचा रविवार. आईचं चर्चला जाणं बंदच झालं होतं. भाकरी थापता थापता ती टिळकांचं एक भजन गुणगुणत होती. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं, आपल्याकडं त्यांच्याशिवाय उपासना होतेच कुठं. दुसऱ्या ओळीला आतल्या खोलीतून आवाज आला. पप्पा गात होते, शब्दांसकट. आई तशीच उठली, हाताला पीठ, आणि तव्यावरची भाकरी करपून घरभर धूर. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. गाण्याचं काम मेंदूची उजवी बाजूही करते, म्हणून असे पेशंट बोलू शकत नसले तरी पाठ असलेलं गाऊ शकतात, म्हणाले.

दादा म्हणाला, चमत्कार.

आई म्हणाली, "चमत्कार असता तर पाणी मागता आलं असतं त्यांना."

दादा तेव्हा आमचं जुनं चर्च सोडून एका नव्या मंडळीत जायला लागला होता. आमच्याकडं एकमेकांना 'सलाम' म्हणतात, तो घरात शिरताना 'प्रेज द लॉर्ड' म्हणायला लागला. त्याचं मला काही नाही. पण 2010 च्या फेब्रुवारीत, गड्ड्याची जत्रा उठल्यावर, एका मैदानात बाहेरगावच्या प्रचारकांची रोगमुक्तीची सभा होती, आणि दादानं पप्पांना न्यायचंच असा हट्ट धरला. पप्पांना जायचं नव्हतं. त्यांनी डाव्या हातानं दरवाजाची चौकट धरून ठेवली होती, ती बोटं मी सोडवली. हो, मीच. मलाही वाटत होतं की झालं तर झालं.

तिथं व्यासपीठावर दोन स्वयंसेवकांनी पप्पांना काखेतून उचललं. "ऊठ, चाल!" कीबोर्ड, टाळ्या, लोक रडायला लागलेले. तीन पावलं झाली, म्हणजे पप्पांचे पाय तीनदा फरफटले. उजव्या पायातली चप्पल पहिल्याच पावलाला मागं राहिली आणि पुढची दोन पावलं तो पाय उघडाच घासत गेला. मग त्यांनी मान टाकली. त्यांना खुर्चीत बसवलं आणि माईकवर घोषणा झाली की या घरात कुणाचा तरी अविश्वास आड येतोय.

परतताना रिक्षा सात रस्त्याला थांबलेली असताना दादानं विचारलं, "आई, तू मनापासून प्रार्थना करतेस ना?"

आई काही बोलली नाही. ती चप्पल तिच्या मांडीवर होती.

हे वाक्य मी दादाला अजून माफ केलेलं नाही. ख्रिस्ती असून माफ करत नाही, तेही माझ्या खात्यावर लिहा.

त्या रात्री मी पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात अंधारात आई बसलेली, आणि चक्क भांडत होती. "तुला बरं करायचं नसंल तर नको करू. पण माझ्या पोराच्या तोंडून असलं वदवू नकोस. ऐकायलास का? आन् उद्या पहाटे परत मी तुझ्याकडंच येनार, जाऊ कुठं दुसरीकडं." मग डोळे पुसले आणि मला बघून म्हणाली, "झोपली नाहीस अजून? उद्या ड्युटी हाय की तुला."

तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडं जे काय उत्तर आहे ते हे. विनाअट प्रेम म्हणजे गोड आवाजात स्तुती करणं असं कुणी सांगत असेल तर त्यानं बायबलातलं ईयोबाचं पुस्तक, सगळं गमावलेल्या एका नीतिमान माणसाचं, नीट वाचलेलं नाही. तुमचा प्रश्न तिथं पहिल्याच अध्यायात सैतान विचारतो (राग मानू नका): ईयोब देवाचं भय फुकट बाळगतो का? आणि पुढं ईयोब गप्प बसत नाही, अध्यायच्या अध्याय देवाशी तंडतो. त्याचे तीन मित्र मात्र हिशेब मांडतात, तू काहीतरी केलं असशील म्हणून हे झालं. शेवटी देवाचा राग त्या मित्रांवर होतो. मी दादाला हे दाखवलं तर तो म्हणाला, "पण ईयोबाला शेवटी दुप्पट मिळालंच ना?" घ्या.

त्याचं सगळं बायबलातल्या 'अनुवाद' पुस्तकाच्या 28 व्या अध्यायावर आणि मलाखी 3:10 वर चालतं. आज्ञा पाळा, आशीर्वाद येतील. दशांश द्या, आकाशाच्या खिडक्या उघडतील. वचनं खरी आहेत, शास्त्रातलीच आहेत. पण तेवढीच दोन धरून बसलं की भक्तीची भिशी होते, दरमहा भरायची आणि आपला नंबर लागायची वाट बघायची. दानीएलच्या तिसऱ्या अध्यायात तीन यहूदी भट्टीसमोर उभे राहून राजाला सांगतात, आमचा देव सोडवायला समर्थ आहे, पण नाही सोडवलं तरी तुझ्या मूर्तीला नमणार नाही. हबक्कूक संदेष्टा म्हणतो, अंजीर फुललं नाही, गोठ्यात गुरं उरली नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. ही वचनं त्या सभेत कुणी वाचली नाहीत.

आणि योहान 21. येशू आपल्या शिष्याला, पेत्राला, तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? मूळ ग्रीकमध्ये पहिले दोन प्रश्न 'अगापे'च्या, म्हणजे विनाअट प्रेमाच्या, क्रियापदात आहेत आणि पेत्र उत्तर देतो साध्या मैत्रीच्या, 'फिलिया'च्या क्रियापदात. काही पंडित म्हणतात योहान हे शब्द सहज अदलाबदल करून वापरतो, फार अर्थ काढू नका. असेल. मला वाटतं, कोंबडा आरवण्याआधी येशूला तीनदा नाकारून बसलेल्या माणसाची मोठा शब्द उच्चारायची छाती होत नाही. तिसऱ्या वेळी येशू पेत्राचाच शब्द घेऊन विचारतो. माणसाला विनाअट प्रेम जमतं का, तर पेत्रालाही ते बोलून दाखवता आलं नाही, आणि येशूनं त्याच्याजवळ होतं ते चालवून घेतलं. बदल्यात काय दिलं? काम दिलं, मेंढरं चारायचं. आणि सांगितलं की म्हातारपणी दुसरा तुझी कंबर बांधील आणि तुझी इच्छा नसेल तिकडं तुला नेईल. हे वचन आलं की मला चौकटीवरची बोटं दिसतात.

एक सांगायचं राहिलं. बरं होण्यासाठी प्रार्थना करू नये असं माझं म्हणणं नाही, आई पप्पांच्या शेवटच्या दिवसापर्यंत रोज करत होती. सगळ्या रोगमुक्तीच्या सभा ढोंगी असतात असंही नाही. आणि दादाबद्दल एवढं वाचून तुमचं वाईट मत झालं असेल तर थांबा: पप्पा 2017 ला गेले, त्या नऊ वर्षांत औषधं आणि डायपर त्यानंच भरले, एक महिना चुकला नाही, पैसे परत मागितले नाहीत. याला तो काय म्हणेल मला माहीत नाही. विचारलं की अनुवाद 28 काढतो.

गेल्या वर्षी सुगीच्या उपकारस्तुतीला तो बऱ्याच वर्षांनी आमच्या चर्चला आला होता. उपासनेनंतर नेहमीसारखा अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव. आईनं कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पुरचुंडी ठेवली होती. दादानं बोली चढवत चढवत ती अकराशेला घेतली आणि आईसमोर येऊन उभा राहिला.

आई म्हणाली, "येडा का खुळा रे तू? घरी आला असतास तर फुकट दिली असती की."